बोलून बसलेल्यांसाठी

इंग्रज माणसाच्या तोंडून भलतंच काही निघून गेलं की तो म्हणतो, मी माझा पाय माझ्याच तोंडात घातला. 'पुट युवर फूट इन युवर माउथ.' पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी माणसाला हा योगासनाचा प्रकार वाटतो. मग कुणीतरी सांगतं, 'अरे, म्हणजे जीभ घसरली,' आणि विषय मिटतो. तो इतक्यात मिटू नये म्हणून हा संग्रह.

तो करताना डोळ्यांपुढे होती पाचूबंदरची आणि आसपासची मुलं. वसईचा किल्ला संपतो आणि खाडी समुद्राला मिळते, त्या टोकाशी असलेली ही कोळ्यांची वस्ती. हिंदू कोळी आणि ख्रिस्ती कोळी इथे शेजारी शेजारी नांदतात. आजीशी कोळी बोली, शाळेत शिकलेली मराठी, लोकलमधली हिंदी आणि नोकरीतली इंग्रजी अशा चार भाषा इथला पंचविशीतला पोरगा दिवसभरात सहज वापरतो. व्याकरणात तो कुणाला हार जात नाही. त्याचं अडतं ते चुकल्यावर. साहेबांसोबत आलेल्या बाईंना 'तुमच्या आई का?' विचारलं आणि त्या निघाल्या बायको. ज्याचं लग्न नुकतंच मोडलं त्यालाच 'पत्रिका कधी देतोस?' म्हटलं. अशा वेळी पुढचं वाक्य कोणत्या भाषेत काय टाकायचं, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. वाक्प्रचारांची पुस्तकं बाजारात ढिगाने मिळतात, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी. त्यांत अर्थ दिलेला असतो. कुणापुढे, कधी आणि कितपत गंभीर होऊन ते वापरायचं याचा पत्ता नसतो.

या जातीचे इंग्रजी वाक्प्रचार एका ओळीत मांडले की आधी आवाजच फार होतो. 'ड्रॉप अ ब्रिक'मध्ये वीट पडते. 'ड्रॉप अ क्लँगर'मध्ये काहीतरी धातूचं ठणकन आपटतं. 'फॉ पा' फ्रेंचांकडून उसना घेतलेला, त्यात पाऊल वाकडं पडतं. सगळा मामला बोलणाऱ्याच्या वेंधळेपणाचा. जमलेली मंडळी वळून बघतात, बोलणारा कानापर्यंत लाल होतो आणि चार दिवसांनी तोच ही हकीकत रंगवून मित्रांना सांगतो. ज्याला लागलं त्याचं काय झालं, याची चौकशी या वाक्प्रचारांत फारशी नाही. म्हणून एक व्यवहारातली सूचना इथेच देऊन ठेवतो. ज्याचं मन दुखावलं त्याच्यासमोर लगेच 'आय पुट माय फूट इन इट' म्हणून हसू नये. ते वाक्य तिसऱ्याला सांगायचं आहे.

पाय तोंडात घालण्याचं श्रेय पुष्कळदा सर बॉइल रोश या अठराव्या शतकातल्या आयरिश पार्लमेंटच्या सभासदाला देतात. हा गृहस्थ तोंड उघडतो तेव्हा त्यात पाय घालतो, असं त्याच्याबद्दल म्हणत, अशी आख्यायिका. खरी-खोटी देव जाणे, पण माणूस त्या लायकीचा होता. पुढच्या पिढ्यांसाठी आपण कशाला झिजायचं, पुढच्या पिढ्यांनी आपल्यासाठी काय केलंय, असा सवाल त्याने भर सभागृहात टाकला म्हणतात. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे प्रमुख विल्यम स्पूनर यांच्या वाट्याला वेगळी ख्याती आली. दोन शब्दांची आद्याक्षरं त्यांच्या तोंडी अदलाबदल होत, म्हणून त्या चुकीलाच 'स्पूनरिझम' नाव पडलं. त्यांच्या नावावर खपणारी बहुतेक उदाहरणं विद्यार्थ्यांनी रचलेली आहेत. पंगतीत घाईघाईने 'भाजी-पोळी' ओरडणारा वाढपी 'पाजी-भोळी' म्हणून गेला, तर तो स्पूनरसाहेबांचाच वारस. फ्रॉइडने १९०१ साली या घसरण्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि चूक ही चूक नसते, मनातलंच बाहेर येतं, असं ठासून सांगितलं. त्यातला एक किस्सा ऑस्ट्रियाच्या संसदेच्या अध्यक्षाचा आहे: अधिवेशन सुरू झाल्याचं जाहीर करायला उभे राहिले आणि संपल्याचं जाहीर करून बसले. आपल्याकडे यासाठी व्हिएन्नाला जावं लागत नाही. 'पोटातलं ओठावर आलं' एवढं म्हणून बायका कामाला लागतात. इंद्रासन मागायला गेलेला कुंभकर्ण निद्रासन मागून बसला, ही कीर्तनातली गोष्ट मात्र फ्रॉइडच्या विरुद्ध साक्ष देते. तिथे दोष पोटाचा नाही. जिभेवर सरस्वती येऊन बसली होती.

मराठीत वेंधळेपणाचे शब्द नाहीत असं नव्हे. 'जिभेला हाड नाही', 'उचलली जीभ लावली टाळ्याला', 'बोलून बसला' ही सगळी बोलणाऱ्याचीच उणीदुणी. पण आपली म्हणींची शिदोरी उलगडत गेलं की दोन गोष्टींवर मराठी माणसाची नजर सारखी जाते: ऐकणारा कोण आणि वेळ कोणती. 'लागलं' हे क्रियापद आपण ठेच लागल्यावर वापरतो तसंच शब्द लागल्यावरही. 'झोंबलं', 'खुपलं', 'वर्मी बसलं' ही सगळी ऐकणाऱ्याच्या बाजूने केलेली नोंद. आणि वेळेसाठी तर आपल्याकडे नाऱ्या आहे. 'शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.' नाऱ्या खोटं बोलत नाही. मांडवाला कदाचित खरोखरच आग लागली असेल. मंगलकार्यात पहिला शब्द तो निघायला नको होता, एवढाच त्याचा गुन्हा.

हा नाऱ्या टाळण्यासाठी भाषेने आधीच किती तजवीज करून ठेवली आहे बघा. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. देवापुढे नारळ वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढवलीच. उंबरा ओलांडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे?' विचारायचं नाही, हा तर महाराष्ट्रभरचा दंडक. ज्या घरचा माणूस समुद्रावर जातो त्या घराने तो जास्त पाळावा, यात नवल नाही. याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणारे मला भेटतात. अंधश्रद्धा असेलही. पण माणसाला निरोप देताना तोंडातून वावगं जाऊ नये, ही धास्ती त्यामागे आहे, आणि ती धास्ती अडाणी नाही.

बंदरावर हे अगदी जवळून दिसतं. 'बोट लागली का?' हा इथला रोजचा प्रश्न. 'जेवलीस का?' इतका साधा. विचारणाऱ्याला उत्तराशी फारसं देणंघेणं नसतं, चालता चालता विचारतो आणि पुढे जातो. आता वारा फिरला आहे, बाकीच्या बोटी परतल्या आहेत आणि एकच यायची आहे, अशी संध्याकाळ घ्या. त्या बोटीच्या तांडेलाची बायको धक्क्याकडे तोंड करून उभी आहे आणि मागून कुणीतरी सवयीने विचारतं, 'काय गं, बोट लागली का?' शब्द तेच, सूर तोच, आपुलकीसुद्धा तीच. विचारणाऱ्याच्या लक्षात येतं ते विचारून झाल्यावर. अशा क्षणाला इंग्रजीतली वीट उपयोगाची नाही. इथे कुणी हसत नाही, वळूनही बघत नाही. विचारणारी पुढे होऊन तिच्या शेजारी उभी राहते, टोपली खाली ठेवते आणि दुसरंच काही बोलायला लागते.

मासळी विकणाऱ्या बाईपुढे गिऱ्हाईक जे बोलून बसतं तो भाग तुलनेने सुखाचा. सकाळची भवानी व्हायची आहे, बोंबलांचे वाटे नीट लावले आहेत आणि पांढऱ्या शर्टातला माणूस एक बोंबील दोन बोटांत उचलून नाकाशी नेत म्हणतो, 'मावशी, कालचे वाटतायत.' त्याला वाटतं आपण भाव करतोय. तिच्या दृष्टीने त्याने भवानीच्या वेळी, चार गिऱ्हाइकांदेखत, तिच्या मालाला आणि तिला नाव ठेवलेलं असतं. पुढे जे ऐकावं लागतं ते या संग्रहात घेतलेलं नाही. छापण्यासारखं नाही आणि इंग्रजीत त्याला जोडही नाही.

आता वसईची खरी गोष्ट. जीभ घसरण्याचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात वसईचं पान असणार, ते एका वसईकराच्या जिवामुळे. जीभ त्याची नव्हती.

गोन्सालो गार्सियाचा जन्म वसईचा, १५५७च्या सुमाराचा. शिक्षण इथल्या जेझुइटांकडे. त्यांच्याबरोबर तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे मकावला व्यापार केला आणि शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाला. १५९३ साली मनिलाहून पेद्रो बाउतिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून गेले, तेव्हा दुभाषा म्हणून त्यांच्याबरोबर हा वसईचा माणूस होता. दुभाष्याचं काम काय असतं ते सांगायला नको. एकाच्या तोंडचा शब्द दुसऱ्याच्या कानात घालायचा आणि मधल्या मधे कुणाला लागणार नाही हे बघायचं. तीनेक वर्षं त्याने ते निभावलं.

१५९६च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं 'सान फेलिपे' हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडलं आणि जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त करायला हिदेयोशीचा अधिकारी आला. तेव्हाची जी हकीकत सांगतात ती अशी. जहाजाच्या सुकाणूवाल्याने, म्हणजे आपल्या भाषेत तांडेलाने, अधिकाऱ्यापुढे जगाचा नकाशा पसरला आणि आमच्या राजाचं राज्य कुठून कुठवर आहे ते बोट फिरवून दाखवलं. हेतू उघड होता: आमच्या पाठीशी कोण आहे ते बघा, माल सोडा. अधिकाऱ्याने विचारलं, एवढी राज्यं मिळवली कशी? त्यावर तो म्हणून गेला की आधी धर्मोपदेशक जातात, लोक त्यांच्या बाजूला वळतात, मग फौज जाते.

हे वाक्य त्याने नेमकं असंच म्हटलं का, यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज पुढे किती तरी वर्षं भांडले आणि दोघांनी दोष एकमेकांवर ढकलला. इतिहासकारांचा वाद आजही चालू आहे. पण वाक्य हिदेयोशीच्या कानी ज्या रूपात जायचं त्या रूपात गेलं. ख्रिस्ती उपदेशकांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम त्याने १५८७ सालीच काढलेला होता, अंमल ढिला होता एवढंच. आता धरपकड झाली. धरलेल्यांना कानाचा तुकडा कापून गावोगाव मिरवलं आणि ऐन थंडीत क्योटोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. त्यांत गोन्सालो होता. १८६२ साली पोपने या सव्वीस जणांना संतपद दिलं. किल्ल्यातलं जेझुइटांचं जुनं चर्च आज गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखलं जातं. पाचूबंदरला जायला निघालेला माणूस त्याच्या जवळूनच जातो.

या गोष्टीत मला अडकवून ठेवणारी जागा तो नकाशा आहे. १५८० पासून पोर्तुगालचं राज्य स्पेनच्याच राजाकडे होतं. म्हणजे त्या तांडेलाचं बोट फिरत फिरत वसईवरूनही गेलं असणार. आणि वसईपुरतं त्याचं वाक्य उलटं होतं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई लिहून दिली ती मोगलांच्या भीतीने आणि पोर्तुगिजांच्या आरमाराच्या धाकाने. धर्मोपदेशकांनी बस्तान बसवलं ते त्यानंतर. बढाईतलं वाक्य तपशिलात चूक, पण ऐकणाऱ्याला ते अगदी खरं वाटलं. मायकेल किन्सली या अमेरिकन पत्रकाराने राजकारण्याच्या जीभ घसरण्याची व्याख्या केली आहे ती अशी की पुढारी चुकून खरं बोलतो. सान फेलिपेच्या तांडेलाला ही व्याख्या पुरती लागू पडत नाही. तो अर्धवट खरं बोलला, पण ते खरं ठरवायला तलवार असलेला माणूस समोर होता.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात यासाठी फार शोधावं लागत नाही. २००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसं मेली, आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील पत्रकारांपुढे हिंदीत असं काही बोलले की त्याचा अर्थ मोठ्या शहरांत असे छोटे प्रसंग होतच असतात, असा निघाला. ते वाक्य १९९५च्या एका गाजलेल्या हिंदी सिनेमातल्या संवादाच्या वळणाचं होतं, आणि माझ्या मते सगळा घात तिथे आहे. तासगावकडच्या मातीतला हा माणूस मराठीत बोलताना सहसा चुकत नसे. परक्या भाषेत शब्द सुचेना झाले की जिभेवर आयतं घोळणारं वाक्य पुढे सरकतं, आणि आयतं वाक्य कोणत्या प्रसंगासाठी केलेलं होतं हे ते सुटल्यावर आठवतं. पाटलांना १ डिसेंबरला राजीनामा द्यावा लागला. पाचूबंदरच्या चारभाषी पोरांनी ही नोंद दोनदा वाचावी. इंग्रजी वाक्प्रचार हेही आयतंच वाक्य असतं.

एप्रिल २०१३ची गोष्ट निराळी. दुष्काळ होता, आझाद मैदानावर पाण्यासाठी उपोषण चाललं होतं, आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूरकडच्या सभेत धरणात पाणी नाही तर काय करायचं याबद्दल जे बोलले ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे भाषा घरची, माणसं घरची, सभा हशा देणारी. तोल गेला तो हशानेच. समोरच्यांसाठी केलेला विनोद ज्यांच्या गावात टँकर येत नव्हता त्यांच्यापर्यंत पोचला. पवारांनी माफी मागितली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. इंग्रजीत शब्द 'खाल्ले' जातात. आपल्याकडे ते मागे घेतात, आणि घेऊन भागलं नाही तर उपाशी बसतात.

काय घेतलं नाही तेही सांगायला हवं. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण गाळली, कारण तिथे सासूचा नेम चुकलेला नसतो. 'ध चा मा करणे' यावर बराच खल केला. एका अक्षराने जीव जाणं यापेक्षा मोठं उदाहरण कोणतं? शिवाय त्याचा धागा थेट वसईला येतो. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं अशी परंपरा आहे. पेशवाई टिकेना म्हणून त्यांचे यजमान राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि १७७५च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतलेली वसई ती हीच. पुढे १८०२च्या शेवटच्या दिवशी त्याच राघोबादादांच्या मुलाने, दुसऱ्या बाजीरावाने, इंग्रजांशी तह केला तोही वसईतच. एवढं असूनही वाक्प्रचार बाहेर ठेवला. अक्षर बदलणाऱ्याला आपण काय करतोय ते माहीत होतं, आणि इथे जागा नकळत बोलून बसलेल्यांचीच आहे.

तोंड मिटून बसा, असा उपदेश या पानांत सापडणार नाही. मासा तोंड उघडतो म्हणून गळाला लागतो, असं शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहितात. लिहिणारा डोलकरांच्या गावातला नसणार. डोल जाळं खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या धारेत उभं करतात आणि तोंड उघडं असतं ते जाळ्याचं. धारेबरोबर आलेला मासा तोंड मिटून आला तरी आत जातोच. बोंबलाचं तर तोंड तसंही कधी नीट मिटत नाही. गप्प बसूनही माणसं दुखावतात. मयताच्या घरी काय बोलावं कळेना म्हणून न गेलेला मित्र दहा वर्षं लक्षात राहतो. त्यापेक्षा गेला आणि काहीतरी वेडंवाकडं बोलून आला, तो बरा.

चुकल्यावरच्या वाक्यांसाठी शेवटी वेगळी पानं दिली आहेत. 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला गेला' हे वाक्य पुढाऱ्यांसाठी राखीव समजावं. 'तसं म्हणायचं नव्हतं मला' हे चालतं, पण त्यात थोडा दोष ऐकणाऱ्याच्या कानाला जातो. 'चुकलं माझं' याला तोड नाही, तेही एकदाच आणि खुलासा न जोडता. ज्याचं मन दुखावलं त्याच्यापाशी इंग्रजीतही 'आय ॲम सॉरी, दॅट वॉज थॉटलेस ऑफ मी' एवढं बास होतं. वीट, पाय आणि ठणठणाट नंतर, तोच माणूस हसायला लागल्यावर.

नोंदी अकारविल्हे लावलेल्या नाहीत. अक्षर बघून कुणी चुकत नाही. कुणापुढे बोललो यावरून भाग पाडले आहेत: वडीलधारे, गिऱ्हाईक, साहेब, आजारी माणूस, मयताचं घर, सोयरे. सोयऱ्यांचा भाग बाकी सगळ्यांपेक्षा मोठा झाला आहे. काटछाट करून पाहिली, पण लग्नसराई आली की पुन्हा भर पडते.